शेगडी शटरच्या बाहेरच बरी

टेंभी नाक्याजवळ राहणारे माझ्या ओळखीचे एक काका निवृत्तीनंतर लाकूडकामात रमले आहेत. मुरबाडच्या बाजूला त्यांचं छोटं घर आहे. तिथल्या गॅरेजमध्ये करवत, रंधा, पटाशा मांडून ते शनिवार-रविवार पाट, चौरंग, नातवाची खेळणी बनवतात. परवा रक्तदाब दाखवायला आले तेव्हा सहज म्हणाले, "डॉक्टर, तिकडे हल्ली सकाळी बोटं वळत नाहीत हो. शटर खाली ओढतो आणि घमेल्यात ढलप्या पेटवतो. धूर गेला की नुसते निखारे राहतात, काही त्रास नाही."

"डोकं दुखतं का?" मी विचारलं. "दुपारपर्यंत दुखतं थोडं. वय झालं आता," काका म्हणाले.

त्या उत्तराने मला वीसेक वर्षांपूर्वीची एक पहाट आठवली. तेव्हा मी दुसऱ्या एका शासकीय रुग्णालयात होतो. फर्निचरच्या गाळ्यात झोपणाऱ्या दोन सुतारांना घेऊन त्यांचे सोबती आले. दोघांनाही उलट्या, चक्कर, डोकेदुखी. बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर ९८ दाखवत होतं. मी अन्नातून विषबाधा असं निदान करून सलाइन लावलं. तासाभराने एक परिचारिका म्हणाल्या, "सर, यांच्या कपड्यांना जळक्या लाकडाचा वास येतोय." मग विचारल्यावर कळलं, रात्री शटर बंद करून त्यांनी प्लायवुडचे तुकडे जाळले होते. दोघं वाचले, पण प्राणवायू सुरू करायला मी एक तास उशीर केला होता, हे मी विसरलेलो नाही.

दोषी होता कार्बन मोनॉक्साइड. लाकूड, कोळसा, गॅस, रॉकेल असं काहीही अपुऱ्या हवेत जळलं की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस सिलिंडरमध्ये वासासाठी मुद्दाम रसायन मिसळलेलं असतं. इथे तशी कोणतीही सूचना मिळत नाही. आणि धूर थांबून उरलेले लालभडक निखारे, ज्यांना आपण निर्धोक समजतो, तेच हा वायू भरपूर सोडतात.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. हा वायू रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्येच दाखवून दिलं होतं. रक्त लाल दिसतं, पण मेंदू आणि हृदय उपाशी राहतात. साधं ऑक्सिमीटर या दोन वायूंमध्ये फरक करू शकत नाही, म्हणून आकडा उत्तम दिसतो. साध्या हवेत रक्तातलं हे विष निम्मं व्हायला चार ते पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिल्यास एक ते दीड तास. काहींना बरं वाटल्यावरही काही आठवड्यांनी विसरभोळेपणा किंवा स्वभावात बदल जाणवतो. गर्भवती, हृदयरोगी आणि रक्तक्षय असलेल्यांना धोका अधिक.

थंड प्रदेशातच हे घडतं असं समजू नका. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमन इथे हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले. त्यांत चार मुलं होती. उबदार प्रदेशातली माणसं थंडी टाळायला खिडक्या घट्ट लावतात, तिथेच फसगत होते.

सुतारकामाच्या जागेत आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. हवेत उडणारा बारीक भुसा पेट घेऊ शकतो. थिनर, पॉलिशची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. जवसाचं तेल पुसलेली फडकी गोळा करून टाकली तर आपोआप तापून पेटतात. ती बाहेर उलगडून वाळवावीत. शिवाय लाकडाची धूळ नाकाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. थंडीत दारं बंद राहिली की ही धूळही कोंडते. मास्क हवाच.

मग ऊब कशी मिळवायची? आत काहीही जाळायचं नाही, हा पहिला नियम. खिडकी किंचित उघडी ठेवून शेगडी पेटवणं हा तोडगा नव्हे. विजेचा तेलाचा हीटर वापरा. लाल तारेचा नको. तो भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच जोडा, एक्स्टेंशनला नाही. भुसा, लाकूड, डबे त्याच्यापासून किमान एक मीटर लांब. आधी झाडलोट, मग हीटर. पॉलिश करताना हीटर बंद आणि दार उघडं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाजारात मिळतो. आणि सर्वांत सोपं म्हणजे अंगात स्वेटर, पायाखाली जाड गोणपाट आणि काम ऊन वर आल्यावर.

एकाच जागेतल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखू लागलं, बाहेर पडल्यावर बरं वाटलं, तर या वायूचा संशय घ्या. दारं उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवा. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, "आत शेगडी होती." ते वाक्य त्या पहाटे मला आधी ऐकायला मिळालं असतं, तर माझा एक तास वाचला असता.

काकांचं घमेलं आता अंगणात असतं. डोकेदुखी थांबली आहे. वय मात्र तेवढंच आहे.