मामांची पद्मिनी आणि महागडं ऑइल

मामांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी. सुट्टीत मी शहाणपणा करून तिच्यात ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ऑइल ओतलं. तुळजापूरचा घाट चढून गाडी थांबवली, तर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला, टॅपेट वाजायला लागले. मामा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं!

'डब्ल्यू'च्या अलीकडचा आकडा थंड ऑइलचा, पलीकडचा १०० अंश सेल्सिअसच्या दाटपणाचा. झिजलेल्या बेअरिंगच्या वाढलेल्या फटीत तापलेलं ३० प्रेशर धरत नाही, त्यात आपला धाराशिवचा उन्हाळा! तिथे मिनरल २०डब्ल्यू-५० च बरं. शिवाय जुन्या सपाट टॅपेटला झिंक-फॉस्फरस लागतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडू नये म्हणून नव्या पेट्रोल ऑइलमध्ये ते कमी केलंय. डबा घेताना तेही बघा.

ऑइल बदललं, दिवा विझला. टॅपेटचा आवाज मात्र थोडा राहिलाच.