परसांतील कोंबडा

भातकुलीस आमच्या परसांत सात कोंबड्या आणि तीन कोंबडे होते. अंड्यांचा पैसा आईचा. त्यांतून वह्या, दिवाबत्ती आणि शाळेची फी निघे. एके वर्षीं वैशाखांत तिनें अमरावतीच्या एका गिऱ्हाइकास पाठविलेलीं दीड डझन अंडीं परत आलीं. फोडून पाहतां कांहींत रक्ताच्या तांबड्या रेषा, तर कांहींत नुसता दुर्गंध. गिऱ्हाइक तुटलें. त्या रात्रीं घरांत प्रश्न निघाला कीं, हे तीन कोंबडे पोसावयाचे कशाला? आजीनें तत्काळ निकाल दिला, “कोंबडे काढले तं अंडी कुठून येतीन?”

ही समजूत गांवोगांव आढळते, पण ती खरी नव्हे. कोंबडी अंडें घालते तें आपल्या शरीरधर्मानें. त्यास कोंबड्याची गरज नाहीं. कोंबड्याचा संबंध आला तर मात्र अंडें सबीज होतें, व तें उबविलें म्हणजे २१ दिवसांनीं पिलूं बाहेर येतें. खाणारास सबीज व निर्बीज दोन्हीं अंडीं सारखींच पौष्टिक. तेव्हां कोंबडा हवा तो पिलांसाठीं.

मग आमचीं अंडीं नासलीं कां? कोंबडी बसते तेव्हां अंड्यांस सुमारें ३७ ते ३८ अंश सेल्सियस ऊब मिळते. परंतु गर्भ हळूहळू वाढूं लागण्यास इतकीही ऊब लागत नाहीं. २०-२१ अंशांच्या वर त्याची हालचाल सुरू होते. आपल्या वऱ्हाडांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हां टिनाच्या छपराखालीं ठेवलेली टोपली म्हणजे खुडूक कोंबडीच होय! तींत गर्भ थोडे दिवस वाढतो, मरतो, आणि अंडें सडतें. निर्बीज अंडेंही उन्हानें शिळें होतें, पण गर्भच नसल्यामुळें पुष्कळ अधिक टिकतें.

याकरितां आपल्याकडे कोंबड्याचा विचार ऋतु पाहून करावा. पिलें हवीं असल्यास दिवाळीपासून माघापर्यंत तो कोंबड्यांत असूं द्यावा. चैत्र-वैशाखांत अंडीं विकावयाचीं असल्यास महाशिवरात्रीसच वेगळा करावा. होळीपर्यंत थांबल्यास उशीर होतो. कारण कोंबडा गेला तरी त्याचें बीज कोंबडीच्या पोटांत दोन-तीन आठवडे टिकतें व तोंवर सबीज अंडीं येतच राहतात. हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आम्हीं तिन्ही कोंबडे विकले आणि पुढच्याच आठवड्याचीं अंडीं निर्धास्तपणें दुसऱ्या गिऱ्हाइकास दिलीं. तेंही गेलें.

संख्येविषयीं सांगावयाचें तर आठ-दहा कोंबड्यांस एक कोंबडा पुरे. तीन-चारच कोंबड्या असल्या तर त्यांच्या पाठीचीं पिसें झडतात व नख्यांनीं जखमा होतात. दोन कोंबडे ठेविले कीं झुंजी लागल्याच. शिवाय त्याच खुराड्यांतील नर पिढ्यान्पिढ्या ठेविल्यास पिलें दुबळीं निपजतात. सबब कोंबडा दुसऱ्या गांवाहून बदलून आणावा. दहा पिलांत अदमासें पांच नर निघणारच. त्यांचें काय करावयाचें हें खुडूक बसविण्यापूर्वींच ठरवावें. मुलांनीं त्यांस नांवें ठेवल्यावर तो निर्णय फार जड जातो, हें मी अनुभवानें सांगतों.

कोंबड्याच्या बाजूनेंही बोलले पाहिजे. घार दिसतांच तो एक हांक देतो, मांजर-मुंगूस दिसल्यास दुसरी. पहिलीस कोंबड्या आडोशास पळतात, दुसरीस माना उंचावून पाहतात. मोकळ्या परसांत ही राखण मोठ्या मोलाची. जाळीच्या खुराड्यांत तिचें कांहीं काम नाहीं.

राहतां राहिलें आरवणें. कोंबडें झांकल्यानें तांबडें फुटावयाचें राहत नाहीं, हें आपण म्हणतोंच. पण झांकलेला कोंबडा आरवावयाचाही राहत नाहीं! जपानांतील नागोया येथील शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं दाखविलें कीं, सतत मंद उजेडांत ठेवलेला कोंबडाही अंगच्या घड्याळानें पहांटेच्या सुमारास आरवतो. शेजारीं परीक्षेस बसणारा विद्यार्थी असेल तर त्यास आधीं विचारावें.

आईनें पुढें मामाकडून एकच कोंबडा आणविला. महाशिवरात्र आली कीं तो गोठ्याच्या कोपऱ्यांतील निराळ्या खुराड्यांत जाई व दिवाळीस मोकळा होई. आजी मात्र तो कोंडलेला असेतों रोज सकाळीं कोंबड्यांच्या खुराड्यांत स्वतः हात घालून अंडीं मोजीत असे.