निलंबन उंचावणी, जुन्या जीपगाडीची

निलंबन उंचावणी, जुन्या जीपगाडीची : मोटारगाडीचा साटा ज्या स्प्रिंगांवर तोललेला असतो त्यांची कमान, लांबी किंवा आसाशी असलेली जोडणी बदलून साटा जमिनीपासून मूळच्यापेक्षा अधिक उंचीवर आणण्याच्या क्रियेस निलंबन उंचावणी म्हणतात. साटा म्हणजे गाडीचा पोलादी सांगाडा; गॅरेजातील बोलीत त्याला चासी म्हणतात. प्रस्तुत नोंदीत पुढेमागे अखंड आस आणि पट्टी स्प्रिंगा असलेल्या जुन्या चारचाकी-चालन गाड्यांचाच विचार केला आहे. विलीज एमबी, सीजे-३बी व तिच्यावर आधारलेल्या महिंद्र जीपगाड्या, लष्करी जोंगा व १९८५ साली आलेली मारुती जिप्सी या गाड्या या वर्गात मोडतात. पट्टी स्प्रिंगांना महाराष्ट्रात सर्वत्र ‘पाटे’ म्हटले जाते व पुढे तोच शब्द वापरला आहे. २०१० साली आलेल्या थार गाडीचे पुढील निलंबन स्वतंत्र व पीळदंडाचे असल्याने तिला येथील विवेचन लागू पडत नाही.

उंचावणीने नेमके काय उंचावते, याविषयी गैरसमज फार आहे. पाट्यांच्या वर असलेले सर्व भाग, म्हणजे साटा, एंजिन, दंतचक्रपेटी व बॉडी, वर जातात. आस मात्र चाकांच्या मध्याशी बांधलेला असल्याने होता तेथेच राहतो. एमबी गाडीत जमिनीपासूनचे किमान अंतर सु. २२२ मिमी. असून ते आसाच्या डिफरन्शियलखाली मोजले जाते. पाटे कितीही उंच केले तरी हे अंतर मिलिमीटरभरही वाढत नाही. ते वाढते केवळ मोठ्या व्यासाच्या टायरांनी, आणि तेही व्यासवाढीच्या निम्म्याने. पावसाळ्यात काळ्या जमिनीतून ऊसवाहू ट्रॅक्टर व बैलगाड्या गेल्यावर ज्या खोल चाकोऱ्या पडतात, त्यांत गाडी अडकते ती बहुधा डिफरन्शियल मधल्या वरंब्यावर टेकल्यामुळे. अशा ठिकाणी उंचावलेली गाडीही न उंचावलेल्या गाडीप्रमाणेच अडकते.

उंचावणीचा खरा लाभ वेगळा आहे. खडकाळ चढ-उताराच्या माथ्यावर गाडीचे पोट टेकण्याची शक्यता कमी होते, व मोठ्या टायरांना कमानीत घासल्याशिवाय फिरण्यास जागा मिळते. ८० इंच, म्हणजे २,०३२ मिमी., आसांतर असलेल्या गाडीचे पोट जमिनीपासून ३०० मिमी. उंच आहे असे मानल्यास ती सु. ३३° पर्यंतचा माथा न टेकता ओलांडू शकेल. पोट ५० मिमी.ने वर गेल्यास हा कोन सु. ३८° होतो. पाच अंशांची ही वाढ मुरमाड टेकड्यांवर उपयोगी असते. चिखलात तिचा उपयोग अल्प आहे.

नगर परिसर : या विषयाच्या दृष्टीने अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) शहराची परिस्थिती लक्षणीय आहे. चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय येथे १९४८ साली एकत्रित झाले, संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास आस्थापना येथेच आहे, आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय स्थापन झाले. लष्करी वाहने अंगवळणी पडलेल्या अशा गावात, लष्कराने लिलावात काढलेल्या जीप व जोंगा यांचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. शहराच्या उत्तरेस मनमाड रस्त्यावरील सावेडी उपनगरातून निघालेल्या गाडीला थोड्या अंतरात तीन प्रकारची भूमी भेटते : राहुरीकडील बागायती काळी जमीन, डोंगरगण व गोरक्षनाथ गडाच्या बाजूचे मुरमाड चढ, आणि महामार्गावरील वेगवान डांबरी रस्ता. यांपैकी फक्त दुसऱ्या भूमीवर उंचावणीचा स्पष्ट फायदा होतो. पहिल्या भूमीवर तो नगण्य असतो आणि तिसऱ्या भूमीवर उंचावणी ही अडचण ठरते. गाडीचा बहुतेक प्रवास या तिसऱ्याच रस्त्यावर होतो, हे मालकाने आरंभीच ध्यानात घ्यावयास हवे.

जुन्या पाट्यांची स्थिती : जुन्या गाडीच्या बाबतीत उंचावणीपूर्वीचा प्रश्न असा की, गाडीची मूळ उंची तरी शिल्लक आहे काय? वर्षानुवर्षे भार व धक्के सोसून पाट्यांची कमान बसते, पाने एकमेकांवर घासून झिजतात व त्यांच्यामध्ये गंज धरतो. एका बाजूचे पाटे दुसरीपेक्षा अधिक बसलेले आढळणे ही नित्याची गोष्ट आहे. याउलट, वडाप म्हणून प्रवासी वाहतूक केलेल्या गाडीत भार पेलण्यासाठी मागे जादा पाने घातलेली असतात व ती अनेकदा दुसऱ्याच वाहनाची असतात. अशी गाडी मागून उंच दिसते, परंतु रिकामी असताना तिचे पाटे जवळजवळ हलतच नाहीत. म्हणून सपाट जागी, रिकाम्या गाडीत, चारही चाकांच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवावी व पाने मोजून त्यांची जाडी पाहावी. उत्पादकाच्या मूळ मापाचे नवे पाटे घातल्यावरच अनेक गाड्या इतक्या वर येतात की, उंचावणीचा विचार तेथेच संपतो.

बसलेले पाटे ठोकून पुन्हा कमान देण्याची पद्धत स्वस्त व सर्वत्र प्रचलित आहे. थंड पान ऐरणीवर ठोकल्याने कमान येते, पण पोलादातील मूळ दोष तसाच राहत असल्याने ती थोड्याच काळात पुन्हा बसते. योग्य रीतीने पान सु. ८५०–९००° से. पर्यंत तापवून कमान द्यावी, तेलात बुडवून कठीण करावे आणि नंतर सु. ४००–५००° से. ला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. लोहार ज्याला ‘पाणी देणे’ म्हणतो त्याचेच हे शास्त्रीय रूप होय. नुसते तापवून वाकवलेले व तसेच निवू दिलेले पान मऊ राहते. जास्त कठीण राहिलेले पान मोडते, आणि मेन पाटा मोडल्यास आस जागेवरून सरकतो. यासाठी मेन पाटा तरी नवाच घ्यावा.

उंचावणीच्या पद्धती : सर्वांत सोपी पद्धत म्हणजे लांब शॅकल बसविणे. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असल्याने तो ५० मिमी.ने लांब केल्यास आसापाशी उंची केवळ २५ मिमी.ने वाढते. शिवाय पाटा त्या टोकाला कलतो व त्याबरोबर आसही फिरतो. सीजे मालिकेतील गाड्यांत पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढील टोकाला असतात. ते लांब केल्यास पुढच्या आसाचा माथा पुढे झुकतो व सुकाणूच्या खिळीचा मागील कल कमी होतो. हा कल चाकाला वळणानंतर आपोआप सरळ आणतो. तो घटला की गाडी वेगात भरकटू लागते आणि स्टेअरिंग सतत सावरावे लागते. जुन्या विलीज गाड्यांत शॅकल आटे असलेल्या बुशांत बसतो व काही ठिकाणी आटे उलटे असतात, त्यामुळे पट्टीचे शॅकल तेथे सरळ बसतही नाहीत. ही पद्धत टाळणेच बरे.

दुसरी पद्धत जादा पान घालण्याची. सारख्या जाडीच्या नऊ पानांत तसेच दहावे घातल्यास पाट्यांचा ताठरपणा साधारण एक-नवमांशाने वाढतो. परंतु पानाचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ६ मिमी.ऐवजी ८ मिमी. जाडीचे एक पान हे पहिल्यासारख्या २·३७ पानांचे काम करते. गाडी उंच होते, पण ती उंची कडकपणातून येते, कमानीतून नव्हे. खडकावर एक चाक वर व दुसरे खाली गेले असता कडक पाटे वाकत नाहीत, एक चाक हवेत राहते आणि सामान्य डिफरन्शियलमुळे परिबल त्या हवेतील चाकालाच फिरवते. अशा वेळी गाडी आधीपेक्षा वाईट चालते. यास्तव अधिक कमानीचे, पातळ पानांचे पूर्ण नवे संच हीच पहिल्या उंचावणीसाठी योग्य पद्धत समजावी, व वाढ ५० मिमी.च्या आसपास ठेवावी.

मूळ रचनेत आसाखालून गेलेले पाटे आसावर आणून बसविण्याची एक पद्धत आहे. तिच्यात उंची एकदम १२५ ते १५० मिमी.ने वाढते. ती करताना पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड करणे, सुकाणूचे जोडदंड पुन्हा जुळवणे व जोराच्या चढावर आसाला पडणारा पीळ रोखणे ही कामे ओघानेच येतात. प्रथमच असे काम करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. साटा व बॉडी यांमध्ये ठोकळे घालून बॉडी उंच करणे ही निलंबन उंचावणी नव्हे.

प्रचालक दंडावरील परिणाम : उंचावणीची किंमत सर्वांत आधी प्रचालक दंड चुकवितो. दंतचक्रपेटी वर जाते, डिफरन्शियल खालीच राहते, आणि त्यांना जोडणारा दंड अधिक तिरका होतो. ५०० मिमी. लांबीचा दंड ७५ मिमी. उंचावणीने सु. ८·६° नी अधिक कलतो, तर १,००० मिमी. लांबीचा ४·३° नीच. आखूड गाडीत मागचा दंड आखूड असतो, म्हणून तिला उंचावणी कमी सोसते. दंडाच्या टोकांस असलेल्या सार्वत्रिक सांध्यांना गॅरेजात क्रॉस म्हणतात. सांधा कोनात फिरत असताना बाहेर येणारी गती एका फेऱ्यात दोनदा कमी-अधिक होते. १०° कोनाला हा चढ-उतार सु. ३ टक्के, तर २०° ला सु. १२ टक्के असतो. दोन्ही टोकांचे कोन समान असतील तरच एकाचा चढ-उतार दुसरा रद्द करतो. त्यासाठी मागच्या आसाखाली पोलादी पाचर घालून डिफरन्शियलचे तोंड दंतचक्रपेटीच्या दंडाशी समांतर करतात. हे न केल्यास ठराविक वेगाला गाडी थरथरते व क्रॉस लवकर निकामी होतात. पुढच्या आसाला मात्र अशी पाचर विचारपूर्वकच घालावी. तेथे दंडाचा कोन सुधारण्यासाठी केलेला फिरव सुकाणूच्या खिळीचा कल बिघडवतो, आणि दोहोंत निवड करावयाची झाल्यास सुकाणूला प्राधान्य द्यावे लागते.

स्थिरता : चाकांमधील आडवे अंतर एमबी गाडीत सु. १,२४४ मिमी. आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६४० मिमी. उंचीवर आहे असे समजल्यास उभी गाडी सु. ४४° आडव्या उतारावर कलंडेल. उंचावणीने गुरुत्वमध्य ६० मिमी.ने वर गेल्यास हा कोन सु. ४१·५° होतो. फरक लहान वाटतो, परंतु हा हिशोब न हलणाऱ्या, ताठ गाडीचा आहे. प्रत्यक्ष वळणावर पाटे दबतात, टायर वाकतात, टपावर सामान असते व चालक अचानक ब्रेक दाबतो. पाथर्डी रस्त्यावरील करंजी घाटासारख्या वळणदार मार्गावर ज्या वेगाने गाडी पूर्वी निर्धोक वळत होती, त्याच वेगाने ती आता वळेल हे गृहीत धरता येत नाही. आखूड व अरुंद जीप मुळातच कलंडण्यास प्रवृत्त असते. गाडीत मागे आडव्या बाकांवर माणसे बसणार असतील तर उंचावणी करूच नये, असे स्पष्ट म्हणावयास हवे.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अनुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलांहून भिन्न होतील असा बदल मालकास करता येत नाही. २००० सालच्या दुरुस्तीने हे कलम कडक झाले व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा तसाच अर्थ ग्राह्य धरला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. नगरची वाहन संशोधन आस्थापना ही केंद्रीय नियमांच्या नियम १२६ मधील चाचणी संस्थांपैकी एक आहे. परंतु या नियमाखालील चाचणी उत्पादकाने सादर केलेल्या प्रारूपाची होते, गॅरेजात केलेल्या बदलाची नव्हे. अपघात झाल्यास बदललेल्या गाडीच्या विम्यावरून वाद उद्भवू शकतो. यास्तव काम करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करणे श्रेयस्कर होय. मूळ मापाचे नवे पाटे बसविण्यास ही अडचण येत नाही.

बसविण्याची कृती : यू-बोल्ट व शॅकलच्या खिळ्या बहुधा गंजलेल्या असतात, त्यांवर आदल्या दिवशी गंज सोडविणारे तेल घालावे. एका वेळी एकच आस घ्यावा व उरलेल्या चाकांना अडणी लावावी. साटा भक्कम स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, कारण पाटा सुटताच आस अनपेक्षित फिरतो व जॅक निसटतो. यू-बोल्ट नेहमी नवे वापरावेत. ताणले गेलेले जुने पुन्हा आवळल्यास धरत नाहीत. पाट्याचा सेंटर बोल्ट आसावरील खळग्यात नीट बसला आहे याची खात्री केल्याशिवाय यू-बोल्ट आवळू नयेत. तो खळग्याबाहेर राहिल्यास आस तिरका बसतो व गाडी एका बाजूला ओढते. रबरी बुश असलेल्या खिळ्या गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच पूर्ण आवळाव्यात, अन्यथा रबर कायमचे पिळलेले राहून फाटते.

आस पूर्ण खाली लोंबत असताना ब्रेकची रबरी नळी ताणली जाते काय, धक्काशोषक आपल्या लांबीच्या शेवटाला टेकतो काय, आणि प्रचालक दंडाचा सरकता सांधा किती उरतो, या तीन गोष्टी पाहाव्यात. ब्रेकची नळी ताणलेली आढळल्यास लांब नळी घातल्याशिवाय गाडी हलवू नये. जुनेच धक्काशोषक ठेवणे ही सर्रास आढळणारी काटकसर असून, आखूड धक्काशोषक पाट्यांची सर्व हालचाल स्वतःवर घेतो व त्याची खिळी तुटते. त्यानंतर पुढच्या चाकांची जुळणी व हेडलाइटांचा रोख तपासावा. गाडी वर गेल्याने प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो.

पहिले काही दिवस गाडी सावकाश चालवावी. नवी पाने एकमेकांवर बसताना यू-बोल्ट सैल होतात, सु. १०० ते १५० किमी. नंतर ते पुन्हा आवळावेत. चारही कोपऱ्यांची उंची तेव्हा पुन्हा मोजून पहिल्या नोंदीशी ताडून पाहावी. नव्या पाट्यांची कमानही थोडी बसते. त्यामुळे अंतिम उंची पहिल्या दिवसापेक्षा काही मिलिमीटर कमी आढळते. मात्र एकच बाजू अधिक उतरलेली दिसल्यास तो संच बदलून घ्यावा.