विश्लेषण : बोटीवरचा जादा दोर आणि फेंडर ठेवायचे कुठे?

हिंगोली जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, पण पाण्याची कमतरताही नाही. पूर्णा नदीवर सिद्धेश्वर आणि सीमेवरचे येलदरी, पैनगंगेवर इसापूर असे मोठे जलाशय जिल्ह्यात किंवा जिल्ह्याला लागून आहेत. कयाधू तर हिंगोली शहराजवळूनच वाहते. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात पुराचे पाणी घराघरांत शिरले होते. अशा वेळी बोट लागते आणि बोटीबरोबर दोरही लागतो. हा दोर कुठे आणि कसा ठेवलेला आहे, यावर पुढची पाच मिनिटे अवलंबून असतात. शिडाच्या बोटींवर खलाशांनी याच प्रश्नाची उत्तरे पिढ्यानपिढ्या घडवली आहेत. ती गोड्या पाण्यातही तितकीच लागू पडतात.

जादा दोर लागतो कशाला?

शिडाच्या बोटीवरचे निम्मे काम दोराचे. शीड वर चढवणारे, शीड वाऱ्याप्रमाणे ओढून धरणारे, नांगराचे आणि बोट धक्क्याला बांधण्याचे असे दोर वेगवेगळे असतात. यातला एखादा तुटला किंवा घासून झिजला, तर दुसरा हाताशी हवा. दुसरी बोट ओढून आणायची असेल, नांगर जास्त खोल पाण्यात टाकायचा असेल किंवा पाण्यात पडलेल्या माणसाकडे दोर फेकायचा असेल, तरी जादा दोरच कामी येतो.

भारतीय नौदलाच्या ‘आयएनएसव्ही तारिणी’ या सुमारे १७ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेवरून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोव्यात बांधलेल्या या नौकेने वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन या चारच बंदरांत मुक्काम केला. दोन बंदरांमध्ये कित्येक आठवडे दुकान नाही, दुरुस्तीही नाही. अशा सफरीत जादा दोर म्हणजे घरातल्या धान्यासारखा. तो पुरेसा हवा आणि अंधारातही हाताला सापडायला हवा.

फेंडर म्हणजे काय?

बोट धक्क्याला किंवा दुसऱ्या बोटीला लागते, तेव्हा मध्ये ठेवायची हवा भरलेली उशी म्हणजे फेंडर. कोकणातल्या बंदरांत मासेमारी बोटींच्या कडेला लटकणारे जुने टायर हेच काम करतात. साधारण हिशेब असा, की बोटीच्या दर चार-पाच फूट लांबीमागे फेंडरचा व्यास एक इंच असावा. म्हणजे ३० फुटी बोटीला सहा ते आठ इंचांचे फेंडर आणि एका बाजूला किमान तीन.

रबरी बचाव बोटीला वेगळे फेंडर फारसे लागत नाहीत, कारण तिच्या हवेच्या नळ्याच ते काम करतात. मात्र पत्र्याची कड, खिळा किंवा काटेरी तार त्या नळ्या फाडू शकते. म्हणून घराच्या छताला किंवा कुंपणाला बोट लावताना मध्ये घालायला जाड ताडपत्री किंवा गोधडी जवळ असलेली बरी. फायबरच्या बोटीला मात्र फेंडर हवेतच.

कोणत्या कामाला कोणता दोर?

सगळे दोर एका पोत्यात कोंबणे ही सर्वात सामान्य चूक. दिसायला सारखे असले, तरी त्यांचे स्वभाव वेगळे असतात.

• नायलॉन : ताणले जाते, म्हणून धक्का शोषते. नांगराला आणि बोट बांधायला उत्तम. ओले झाल्यावर त्याची ताकद साधारण १० ते १५ टक्के घटते. ताणलेला नायलॉनचा दोर तुटला, तर चाबकासारखा उलटा येतो. त्याच्या रेषेत कुणी उभे राहू नये.

• पॉलिएस्टर : कमी ताणले जाते आणि उन्हाला बऱ्यापैकी टिकते. शीड ओढण्याचे दोर याचे असतात.

• पॉलिप्रॉपिलीन : पाण्यावर तरंगते, म्हणून फेकायच्या बचाव दोरासाठी उपयोगी. पण संरक्षण नसेल तर उन्हाने लवकर कुजते. हातात घेतल्यावर तंतूंची भुकटी पडू लागली, की तो दोर बाद समजावा.

• सुती, काथ्या किंवा अंबाडीचा दोर : ओला ठेवला तर आतून सडतो. वरून तो धडधाकट दिसतो आणि वजन पडताच तुटतो.

बोटीवर जागा कोणती?

पहिला नियम वजनाचा. ओला, जाड दोर चांगलाच जड असतो. तो उंचावर किंवा अगदी टोकाला ठेवला, तर लाटेवर बोट जास्त डोलते. म्हणून क्वचित लागणारे जड दोर बोटीच्या मध्यभागी, जितके खाली ठेवता येतील तितके ठेवतात.

दुसरा नियम निकडीचा. रोजचे बांधायचे दोर सुकाणूजवळच्या बाकाखालच्या कप्प्यात, नांगराचा दोर नाळेजवळच्या कप्प्यात. फेकायचा बचाव दोर मात्र कधीही कप्प्यात किंवा कुलपात ठेवायचा नाही. एका हाताने उचलता येईल असा तो उघड्यावर, पण कापडी पिशवीत ठेवतात. पिशवीमुळे उन्हापासूनही बचाव होतो.

तिसरा नियम शेजाराचा. बॅटरीतले आम्ल नायलॉनला खाते. इंधन लागलेला दोर निसरडा होतो आणि नेमक्या वेळी हातातून सुटतो. म्हणून बॅटरी, इंधनाचे डबे आणि दोर एका कप्प्यात नकोत.

फेंडरची अडचण वेगळी. ते हलके असतात, पण जागा फार खातात. काही जण बोटीच्या मागच्या कठड्याला तारेच्या टोपल्या लावून त्यात फेंडर उभे ठेवतात. लांबच्या सफरीला निघताना हवा सोडून घडी घालता येणारे फेंडर सोयीचे. धक्का सोडल्यावर फेंडर कडेला लटकत ठेवू नयेत. लाटेने ते ओढले जातात, गाठ सुटते आणि वाहून जातात. आत घेतलेले फेंडरही बांधूनच ठेवावेत.

सैल दोराचा धोका कोणता?

डेकवर मोकळा पडलेला दोर पाण्यात घसरला आणि इंजिनाच्या पंख्यात गुंडाळला गेला, तर इंजिन जागच्या जागी बंद पडते. शांत जलाशयात हा मनस्ताप ठरतो, पण पुराच्या धारेत बोट लगेच प्रवाहाच्या ताब्यात जाते. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी बोटीभोवती एक नजर टाकून कोणतेही टोक पाण्यात नाही ना, हे पाहण्याची सवय खलाशांना लावली जाते. पायात अडकणाऱ्या दोराचा धोका आणखी वेगळा.

दोर गुंडाळायचा कसा?

पीळ दिलेला नेहमीचा दोर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळावा. उलट गुंडाळला तर त्यात कडी पडते. विणलेला दोर इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळला, तर पीळ चढत नाही. शेवटी मध्यावर दोन-तीन वेढे देऊन वेटोळे बांधायचे, म्हणजे ते टांगता येते.

फेकायच्या दोराचे मात्र वेटोळे करायचेच नाही. एक टोक पिशवीबाहेर ठेवून उरलेला दोर मूठमूठ करून पिशवीत भरत जायचे. फेकताना बाहेरचे टोक हातात धरायचे आणि पिशवी बुडणाऱ्या माणसाच्या पलीकडे टाकायची. दोर आतून आपोआप सुटत जातो आणि त्या माणसाच्या अंगावर पडतो. असा दोर साधारण १५ ते २५ मीटर लांब असतो. जवळ काठी असेल तर ती पुढे करणे, नाही तर दोर फेकणे, मग बोट नेणे आणि अगदी शेवटी प्रशिक्षित माणसाने पाण्यात उतरणे, हा बचावाचा मान्य क्रम आहे. त्यात दोर दुसऱ्या क्रमांकावर येतो.

पावसाळ्याआधी काय तपासावे?

दर वर्षी मान्सूनपूर्व तयारीत बोटी आणि इंजिने बाहेर काढून पाहिली जातात. त्याच दिवशी दोरही उलगडावेत.

• दोर पूर्ण सोडून हातभर-हातभर चाचपावा. कडक, पातळ किंवा केसाळ झालेला भाग दिसला, तर तेवढा कापून टाकावा किंवा दोर बाद करावा.

• चिखल साध्या पाण्याने धुऊन दोर सावलीत वाळवावा. ओला दोर बंद पेटीत घालू नये.

• गोदामात तो जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगावा. उंदीर, ओल आणि सिमेंट-खतांच्या गोण्या यांपासून लांब.

• प्रत्येक वेटोळ्याला लांबी, जाडी, काम आणि तपासणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी.

• जुन्या गाठी सोडाव्यात. गाठीपाशी दोराची ताकद बरीच, कधी कधी निम्म्यापर्यंत कमी होते.

• फेंडरमधली हवा आणि त्यांच्या दोऱ्या पाहाव्यात. दोरी झिजली असेल, तर फेंडर चांगला असूनही उपयोग नाही.

पुण्याजवळ खडकवासला जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या बोटी चालवायला शिकतात. तेही धरणाचेच गोडे पाणी. येलदरी, सिद्धेश्वर किंवा इसापूरच्या काठावर बोट हाताळणाऱ्यांसाठी ही शिस्त म्हणूनच परकी नाही. खर्च म्हणाल तर एक कापडी पिशवी, चार खुंट्या आणि मे महिन्यातली एक दुपार.