रिकामी प्लेट

१९८१ च्या जुलैतली गोष्ट. कोल्हापुरात पावसाने असा जम धरला होता की होस्टेलच्या दोरीवरचे अ‍ॅप्रन तीन-तीन दिवस वाळत नसत. एफवाय बीएस्सीला मायक्रोबायॉलॉजी घेतलेल्या आम्हा वीस-बावीस जणांचं तिसरं की चौथं प्रॅक्टिकल होतं, हवेतले सूक्ष्मजीव. न्यूट्रियंट अगारच्या चार प्लेट घ्यायच्या. एक लॅबमध्ये दहा मिनिटं उघडी ठेवायची, एक व्हरांड्यात, एक कँटीनच्या दाराशी. चौथी उघडायचीच नाही. मग चारही उलट्या करून ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायच्या आणि घरी जायचं.

दुसऱ्या दिवशी कँटीनची प्लेट बघून आम्ही मुली आधी किंचाळलो आणि मग वाकून वाकून बघत राहिलो. पिवळ्याधमक, केशरी, दुधाळ कॉलनी. काही चकचकीत, काही साईसारख्या सुरकुतलेल्या. एका कडेला बुरशीची लव आली होती. त्या गडबडीत माझ्या चौथ्या प्लेटकडे माझंच नीट लक्ष गेलं नाही. तिच्यावर काठाशी एकच कॉलनी होती, ज्वारीच्या दाण्याएवढी, मळकट पांढरी. जर्नलमध्ये ‘कंट्रोल : १’ असं लिहून मी मोकळी झाले. मॅडमनी ते वाचलं, प्लेट खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "बाकीच्या तीन प्लेटवर जे दिसतंय ते हवेतनं आलं, की आधीपासनंच आत होतं, हे आता तू कशावरून सांगणार गं?"

मला उत्तर देता आलं नाही. चारही प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या. पुढच्या आठवड्यात मी एकटीने तो प्रयोग पहिल्यापासून केला.

त्यानंतरची चाळीसेक वर्षं, आधी विद्यार्थिनी म्हणून आणि मग शिक्षिका म्हणून, मी याच विषयात काढली. २०२४ मध्ये निवृत्त झाले. मागे वळून बघते तेव्हा पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं बरंचसं बदललेलं दिसतं, पण रिकाम्या प्लेटबद्दलचा तो प्रश्न जसाच्या तसा उभा आहे.

पहिल्या टर्मला आमचे हात घडवले ते लॅबमधल्या मामांनी. मॅडम फळ्यावर शिकवायच्या, पण नायक्रोमची लूप कशी धरायची, ट्यूबचा कापसाचा बोळा करंगळीत कसा अडकवायचा, हे मामा दाखवायचे. "तार लाल झाल्याबिगर आत घालायची न्हाई, आन् लाल हाय तवर तर मुळीच न्हाई," हे त्यांचं वाक्य होतं. लाल लूप थेट कल्चरमध्ये गेली की चर्रकन आवाज होई आणि उचलायला गेलेले जंतू जागीच जळून जात. मीडिया आम्ही स्वतः करायचो. पेप्टोन, मीट एक्स्ट्रॅक्ट, मीठ, अगार तोलून घ्यायचं, पीएच जुळवायचा आणि ऑटोक्लेव्हला १५ पौंड दाबाखाली १२१ अंशांवर १५ मिनिटं ठेवायचं. त्या वाफेला सूप आणि ओल्या कापसाचा मिळून एक वास येतो. तो केसात बसायचा. मुकाट सहन करायच्या शाकाहारी घरातल्या मैत्रिणी.

स्वच्छ आणि निर्जंतुक या दोन शब्दांत केवढं अंतर आहे, ते त्या वर्षी कळलं. आमच्या घरी आईचा ओटा आरशासारखा असायचा. त्या ओट्यावरून फिरवलेला कापसाचा बोळा मी एकदा हौसेने प्लेटवर ओढला. दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते आईला सांगितलं नाही.

ग्रॅम स्टेन मात्र मला पहिल्यापासून जीव की प्राण. हान्स क्रिस्टियान ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने बर्लिनमध्ये काम करताना ही पद्धत १८८४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि आजही जगभरच्या लॅबमध्ये तपासणीची सुरुवात बहुधा तिथूनच होते. आम्ही पहिला स्टेन दह्याचा केला. काचेवर दह्याचा पुसटसा थर पसरायचा, वाळू द्यायचा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायचा. काचेची पाठ हाताला सोसवेल इतकीच गरम हवी. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, धुवायचं. आयोडीन एक मिनिट, धुवायचं. मग अल्कोहोल, आणि सगळी परीक्षा इथेच. तिरप्या धरलेल्या काचेवरून जांभळे ओघळ येत असतात. ते थांबले रे थांबले की लगेच पाणी घालायचं. चार क्षण उशीर झाला तर जांभळ्या राहायला हव्या त्या पेशीही रंग सोडून देतात. लवकर थांबलात तर सगळंच जांभळं. शेवटी सॅफ्रॅनिन, म्हणजे ज्यांनी रंग सोडला त्या गुलाबी होतात. पेशीभिंतीतला पेप्टिडोग्लायकॅनचा थर जाड असेल तर आयोडीन आणि रंगाची जोडी आत अडकून राहते, पातळ असेल तर बाहेरच्या आवरणासकट निसटते. हे कारण पुस्तकात दोन ओळींत होतं. पण ओघळ कधी थांबला ते ओळखायला माझ्या डोळ्यांना आख्खी टर्म लागली.

आमचा मायक्रोस्कोप एका डोळ्याचा, खाली आरसा लावलेला. पावसाळ्यात उजेड मिळवायला खिडकीजवळच्या जागेसाठी भांडणं व्हायची. तेलाचा थेंब टाकून १०० ची लेन्स हळूच टेकवली, आरसा फिरवला, आणि एकदम ते दिसलं: जांभळ्या काड्या आणि मण्यांच्या माळा. त्या सकाळी मेसमध्ये मी तेच दही खाल्लं होतं. हजारपट मोठं होऊनही ते जेमतेम शाईच्या टिंबाएवढं होतं, आणि तरी मला जागचं हलवेना.

विषयाच्या इतिहासातलं एक नाव मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगत आले. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जंतू घट्ट माध्यमावर वाढवायचे होते. बटाट्याच्या कापांवर सगळे जंतू वाढत नसत. जिलेटिन उष्णतेने पातळ होई आणि कित्येक जंतू ते खाऊन टाकत. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसची पत्नी फॅनी हेस हिने १८८१ मध्ये सुचवलं की अगार वापरून बघा. ती स्वयंपाकात अगार घालून जेली करायची. जाव्हामध्ये राहून आलेल्या ओळखीच्यांकडून तिला ते कळलं होतं. अगार वितळायला जवळपास उकळतं पाणी लागतं, पण निवताना चाळीस अंशांच्या आसपास येईपर्यंत ते पातळ राहतं, आणि बहुतेक जंतू त्याला तोंड लावत नाहीत. आपल्याकडे दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं, तेच हे. २४ मार्च १८८२ ला कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला. त्यावरच्या निबंधात अगारचा उल्लेख आहे, हेस दांपत्याचा नाही. १८८७ मध्ये पेट्रीने झाकणाची बशी केली आणि तिला त्याचं नाव लागलं. आमच्या पाठ्यपुस्तकात पेट्री होता, फॅनी नव्हती. याची चीड मला आजही येते. घट्ट माध्यमावरच एकेक जंतू वेगळा काढता आला, त्यातूनच कॉलरा, क्षय, प्लेग यांचे धनी सापडले, आणि त्या माध्यमाचं गणित स्वयंपाकघरात सुटलं होतं.

टीवायला सहल मुंबईला गेली, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. एके काळी गव्हर्नरचं निवासस्थान असलेली ती दगडी इमारत, उंच छत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस तयार केली. मांसाच्या रसावर तो तुपाचे थेंब सोडायचा आणि प्लेगचे जंतू त्या तवंगाखाली लोंबत वाढायचे. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुण्यात त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. शाळेत हे दोन वेगळ्या धड्यांत शिकलेलं. परळच्या त्या जिन्यावर उभी असताना ते एकाच साथीतलं आहे हे पहिल्यांदा जाणवलं.

सरांनी परतीच्या गाडीत मुल्कोवालची हकिगत सांगितली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या त्या गावी १०७ जणांना प्लेगची लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले, आणि त्या १९ जणांची लस एकाच बाटलीतली होती. बाकीच्या बाटल्यांमधून टोचून घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही. ठपका हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्याला पदावरून दूर व्हावं लागलं. जंतू परळला शिरले, की गावात बाटली उघडताना? बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, हे पुढे आलं. बाटलीत धनुर्वाताचे जंतू आधीपासून वाढत असते तर उघडताना घाण वास यायला हवा होता, तो नव्हता. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. सर बोलत होते आणि मला माझी ज्वारीच्या दाण्याएवढी कॉलनी दिसत होती. ‘हवेतनं आलं की आधीपासनंच आत होतं’ याच प्रश्नावर एका माणसाची पाच वर्षं गेली होती.

रिकाम्या प्लेटची दुसरी बाजू मला फार उशिरा कळली. एप्रिल १९८२ मध्ये एफवायच्या पेपरात मी लिहिलं होतं की जठरातल्या आम्लामुळे तिथे जंतू टिकत नाहीत. पूर्ण मार्क मिळाले असणार. त्याच एप्रिलमध्ये, ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन जठराच्या तुकड्यांतून जंतू वाढवायचा प्रयत्न करत होते. प्लेट दोन दिवस बघायच्या, काही उगवलं नाही की टाकून द्यायच्या, अशी लॅबची पद्धत. ईस्टरच्या सुट्टीमुळे काही प्लेट जास्त दिवस इनक्युबेटरमध्ये राहिल्या आणि त्यांच्यावर कॉलनी दिसल्या. आज त्या जंतूला हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. १९८४ मध्ये मार्शलने त्याचं कल्चर स्वतः पिऊन बघितलं, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. नोबेलची बातमी आली त्या दिवशी मी वर्गात माझ्या त्या जुन्या उत्तराबद्दल सांगितलं. त्या आधीच्या प्लेट रिकाम्या नव्हत्या, त्यांना वेळ कमी पडला होता.

अभ्यासक्रम तसा हळूहळूच बदलला. कार्ल वूजने १९७७ मध्येच आर्किया हा वेगळा गट दाखवला होता, पण आमच्या वहीत तो नव्हता. मी शिकवायला लागल्यावर कधीतरी आला, तोही एका परिच्छेदापुरता. २०२० च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि त्याचं कारण क्षारात रमणारे आर्किया असल्याचं पुढे आलं, तेव्हा मुलांनी तो परिच्छेद पहिल्यांदा आपणहून वाचला.

पाण्याचं प्रॅक्टिकल मात्र आमच्याकडे कधीच कोरडं राहिलं नाही, कारण पंचगंगा शेजारी होती. मॅकॉन्की ब्रॉथच्या जांभळ्या ट्यूबमध्ये पाणी घालायचं. आत उलटी ठेवलेली बोटभर नळी असते. कोलिफॉर्म असले की ट्यूब पिवळी पडते आणि नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. २००५-०६ च्या सुमाराला लोडशेडिंगने इनक्युबेटर बंद पडायचा, तेव्हा ट्यूबचे स्टँड ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलेले मला आठवतात. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. तिथून येणाऱ्या मुलांनी घरच्या नळाचं पाणी बाटल्यांमधून आणलं. एका मुलाची ट्यूब जांभळीच राहिली, आणि तो आनंदाने म्हणाला, "मॅडम, आमचं पाणी चांगलं आहे." त्याला जवळ बसवून सांगावं लागलं की ही ट्यूब सांडपाण्याची खूण शोधते, विषाणू तिला दिसत नाही; पाणी उकळूनच प्या. शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत ते वाक्य मला सगळ्यात जड गेलं.

कोविडच्या काळात माझी एक जुनी विद्यार्थिनी आरटी-पीसीआरच्या लॅबमध्ये काम करत होती. एका रात्री दीड वाजता तिचा फोन आला. नमुनाच नसलेल्या, निव्वळ पाणी घातलेल्या खळग्यात सिग्नल आला होता. वरून रिपोर्टची घाई होती, आणि बाकीचे आकडे अगदी बरोबर दिसत होते. "काय करू?" असं तिने विचारलं नाही. "मॅडम, आख्खी प्लेट परत लावतेय, सकाळ होईल, म्हणून तुम्हाला सांगितलं," एवढंच म्हणाली. मीही झोपले नाही. पहाटे तिचा मेसेज आला : कंट्रोल साफ.

माझं शेवटचं एफवायचं प्रॅक्टिकल तेच होतं, हवेतले सूक्ष्मजीव. प्लेट आता प्लॅस्टिकच्या असतात, मीडियाची पावडर तयार डब्यात येते, मायक्रोस्कोपला दिवा असतो. कँटीनच्या प्लेटभोवती नेहमीसारखी गर्दी झाली होती, मोबाईलवर फोटो निघत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी चौथी प्लेट घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, यावर काहीच आलं नाही. टाकून देऊ?"

मी ती घेतली, खिडकीशी जाऊन उजेडात तिरपी धरली, काठाकाठाने बघितली. काही नव्हतं.

"आज तारीख घालून नोंद कर," मी म्हटलं, "आणि अजून दोन दिवस ठेव." तिने झाकणावर मार्करने तारीख लिहिली, प्लेट उलटी केली आणि इनक्युबेटरचं दार उघडलं.