जीपचे पाटे काढण्याआधी



माल वाहणारी जुनी जीप रिकामी असली की मागून उंच दिसते. केळी, कपाशी चढवायला सोपं जावं म्हणून कुणी सुचवतो, “दोन पाटे काढून टाका.” असं करू नका. ती उंची म्हणजे खोड नव्हे; पाट्यांची कमान ओझ्यासाठीच असते.

पाटे काढले, की सारा भार उरलेल्यांवर पडतो. भरलेल्या गाडीचा एक्सल रबरी ठोकळ्यावर आदळतो, मुख्य पाटा तुटू शकतो. मागची बाजू दबली की पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंग नीट धरत नाही. चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना हे जिवावर बेतेल. पाटे भट्टीत तापवून वाकवणंही वाईट. पोलादाचं पाणी उतरतं.

आधी नेहमीचा भार भरून सपाट जागेवर एक्सल आणि ठोकळ्यामधलं अंतर पाहा. ते थोडंच उरत असेल, तर गाडी खाली घेऊच नका. भरपूर असेल, तर जाणत्या कारागिराकडून दोन्ही बाजूंची कमान थंडच, सारखी कमी करून घ्या. यू-बोल्ट नवे घाला. पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळा.

नोंदणीपुस्तकातल्या मूळ नोंदी बदलतील असा फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार चालत नाही. आधी आरटीओत विचारा.