जालन्याच्या उन्हाळ्यात लेदर कोरल

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या जालन्यात खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळणं ही जरा हट्टी हौस आहे. तरी सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ, इथे जगतं आणि वाढतंही. ते मलूल झालं की लोक औषधाच्या बाटलीकडे वळतात. माझ्या मते आधी थर्मामीटर आणि पाणी तपासावं. इथली बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात.

त्याआधी, ते खरंच आजारी आहे का? छत्रीसारखं लेदर कोरल, म्हणजे सार्कोफायटॉन, अधूनमधून सगळे पॉलिप, म्हणजे फुलासारखी बारीक तोंडं, आत ओढून घेतं आणि अंगावर मेणासारखा चकचकीत थर धरतं. ही कात टाकण्याची तयारी. आठवडाभरात, कधी त्याहून उशिरा, थर सुटतो. तोवर प्रवाह थोडा वाढवावा आणि हात लावू नये. सडण्याची लक्षणं निराळी: बुडाशी काळपट डाग, भोकं, लिबलिबीत मांस, कुजका वास. कोरल पांढरं पडलं असेल, तर त्याच्या पेशींत राहून प्रकाशावर अन्न बनवणारी सूक्ष्म शैवालं ताणामुळे निघून गेलेली असतात. मांस शाबूत असेल तर ते अजून जिवंत आहे, फक्त उपाशी आहे. दिव्याची तीव्रता कमी करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवावी.

समुद्रातही पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादाच अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ पांढरे पडू लागतात. मन्नारच्या आखातात १९९८, २०१० आणि २०१६ साली हे झालं. टँकसाठी २४ ते २६ अंश सेल्सिअस बरं. चिलर महाग पडतो. पण पाण्याच्या पृष्ठभागावरून छोटा पंखा फिरवला तर दोन-तीन अंशांनी पाणी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती अर्धवटच चालते; मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र ती कूलरइतकीच कामाला येते.

या थंडाव्याची किंमत बाष्पीभवनात मोजावी लागते. वाफ होते ती गोड्या पाण्याची, मीठ मागेच राहतं. शंभर लिटरमधले दहा लिटर उडाले की हजारी ३५ असलेली क्षारता जवळपास ३९ वर जाते. म्हणून रोज, जमलं तर दिवसातून दोनदा, थोडं थोडं गोडं पाणीच घालावं. क्षारता वाढलेली आढळली तर ती दोन-तीन दिवसांत सावकाश उतरवावी. एका तासात केलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा जास्त मारते.

गोडं पाणी कुठलं, हा जालन्यातला खरा प्रश्न. बोअरचं पाणी बेसाल्टातून येतं, जड असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन. दोन्ही थेट चालत नाहीत. आरओचं पाणी लागतं, आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन जोडून टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्याजवळ आणलेलं असेल तर उत्तम. स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये बहुधा चवीसाठी क्षार परत मिसळणारा भाग असतो. टँकचं पाणी त्याच्या आधीच काढून घ्यावं. आरओतून वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरावं. नळाला दररोज पाणी न येणाऱ्या गावात ते गटारात सोडणं पटत नाही. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलताना टँकसाठीचं समुद्री मीठच घ्यावं. ते आदल्या दिवशी विरघळवून ठेवावं. खाण्याचं मीठ नको.

नायट्रेट आणि फॉस्फेट साफ शून्यावर आणण्याचा सोस नको. सॉफ्ट कोरलला थोडं मळकट पाणी मानवतं. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम असलं तरी बिघडत नाही. अनेक सॉफ्ट कोरल शेजाऱ्याला हटवायला पाण्यात रसायनं सोडतात, म्हणून फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवून दर तीन-चार आठवड्यांनी बदलावा. माशांसाठीचं तांबंयुक्त औषध या टँकमध्ये कधीच घालू नये.

लाइट गेली की आधी प्राणवायू कमी होतो. इन्व्हर्टरवर पाणी हलवणारा वेव्हमेकर किंवा एअर पंप ठेवावा. दिवे काही तास बंद राहिले तरी चालतं.

एवढं करूनही सड वाढत असेल तर कापायलाच हवं. टँकचंच पाणी वेगळ्या भांड्यात घ्यावं, धारदार नव्या ब्लेडने सडक्या भागाच्या पलीकडचं थोडं निरोगी मांसही कापून टाकावं, कोरलसाठीच्या आयोडीन द्रावणात बाटलीवर सांगितलेला वेळ बुडवावं आणि मध्यम प्रवाहात ठेवावं. भांड्यातलं पाणी टँकमध्ये परत ओतू नये. हातमोजे आणि चष्मा हवाच. दुकानात सॉफ्ट कोरलच्या रांगेत मांडलेल्या झोअँथिड आणि पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. ते चिकटलेले दगड गरम पाण्यात घालू नयेत, वाफेतूनही बाधा होते.

मेलेल्याच्या जागी नवं आणताना जपून. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते घरी ठेवणं गुन्हा आहे. सॉफ्ट कोरलही टँकमध्ये वाढवलेल्या कोरलचा तुकडा असेल तरच, आणि पावतीसह घ्यावं.